मोठं लग्न न झालेला इबुरोई

इबुरोईला बायको आहे, लेकी आहेत, जावई आहेत. तरी आमच्या गावात तो अजून पोरगाच, कारण त्याचं मोठं लग्न झालेलं नाही. साध्या निकाहानं संसार होतो, माणूस होत नाही. त्यासाठी बैल कापून अख्ख्या गावाला जेवू घालावं लागतं. इबुरोईनं आयुष्य घालवलं देशाच्या फुटबॉल संघाचे कपडे धुण्यात आणि बूट शिवण्यात. बैल कुठून येणार? म्हणून चौकात वडीलधारे बसले की तो मागे, मिसरूड न फुटलेल्या पोरांच्या ओळीत उभा. तिथून बोलायची मुभा नाही. मी त्याच्याहून धाकटा, पण माझं मोठं लग्न झालंय, म्हणून पुढे बाकावर बसतो.

त्या वर्षी कोमोरोसचा संघ आफ्रिका चषकाला निघाला. आमच्यासारख्या चिमूटभर बेटांना असा योग क्वचितच. गोलरक्षक आमच्याच गावचा, फर्दू. त्याला लहानपणी दोन दगडांमध्ये उभं करून चेंडू अडवायला शिकवलं ते इबुरोईनंच. पण सरावाचं शिबिर आणि फर्दूचं मोठं लग्न नेमकं एकाच आठवड्यात आलं. प्रशिक्षकानं बजावलं होतं, पहिल्या दिवशी जो राजधानीत, मोरोनीला हजर नसेल त्याची जागा गेली.

"मामांना सांग की," इबुरोई फर्दूला म्हणाला.

"नवरदेवानं तोंड उघडायचं नसतं, काका. मामा म्हणतात, चेंडू काय रोजचाच आहे."

"रोजचा? अरे गाढवा, माझे केस पिकले तेव्हा कुठे हा दिवस दिसला!"

शुक्रवारच्या नमाजानंतर चौक भरला. तांदूळ कोणी आणायचा, फ्रान्सहून, मार्सेयमधून येणारे पाहुणे कुठे उतरवायचे, असं चाललं होतं. इबुरोई मागच्या ओळीतून निघाला तो थेट मध्ये येऊन उभा राहिला.

"तारीख पुढे ढकला. भात नंतरही शिजेल. हा पोरगा गेला नाही तर देशाचा गोल उघडा पडेल."

फर्दूचे होणारे सासरे तोइहिर गावातले सगळ्यात मानकरी. त्यांनी सावकाश कान खाजवला.

"कोणी बोललं का? मला तर काही ऐकू आलं नाही."

"बकरी ओरडली असेल," शेजारचे म्हणाले. हशा पिकला. इबुरोई गुमान आपल्या ओळीत परत गेला.

थोड्या वेळानं तोइहिर खाकरले. "माझ्या मनात आलं, लग्न चषकानंतर धरावं. जावई खेळून आला तर आपलीच शान."

"वा! याला म्हणतात डोकं!" सगळ्यांनी माना डोलावल्या. आमचे म्हातारे असेच. शहाणपण घेतील, पण कोणाकडून घेतलं ते मेले तरी सांगणार नाहीत. उठता उठता तोइहिर एवढंच बोलले की लग्नात मानकऱ्यांच्या हातावर पाणी इबुरोई घालेल. ते काम पंगतीतल्या सगळ्यात लहान पोराचं असतं. शिक्षा सगळ्यांना कळली.

फर्दू शिबिराला गेला. संघ पुढे फार टिकला नाही, पण फर्दूनं अडवलेले चेंडू लोक अजून हातवारे करून सांगतात. मग लग्न झालं. जरीचा अंगरखा घालून तो पहिल्यांदाच आमच्या पंगतीत बसला आणि इबुरोई तस्त-तांब्या घेऊन त्याच्यापुढे वाकला.

फर्दू तांब्या घ्यायला अर्धा उठला. सासऱ्यांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "बसा. आता तुम्ही माणूस झालात."

मला आमच्या रिवाजाची इतकी चीड कधी आली नव्हती. फर्दूनं हात पुढे केले. ते थरथरत होते, पाणी नव्या अंगरख्यावर सांडत होतं.

"हात स्थिर ठेवा, साहेब," इबुरोई हळूच म्हणाला. "चषकात एवढे कापले नव्हते."