फोटोआधीचा प्रश्न

लालबागच्या आमच्या चाळीत बारसं असो की गणपती, शेजारचे काका कॅमेरा घेऊन हजर असायचे. सगळी हौस! "देवाचे फोटो सगळेच काढतात," म्हणत देवाकडे पाठ करून माणसांचे फोटो काढायचे. 'हसा' मात्र कधी म्हणाले नाहीत. विचारायचे, "आज जेवायला काय केलंय?" उत्तर ओठांवर आलं की बटण दाबायचे. कॅमेरा दिसताच तोंडावर पदर घेणारी माझी आईसुद्धा अशीच सापडली, काळ्या वाटाण्याचं सांबार सांगताना.

"गे बाय, तोंड बघ कसा वाकडा दिसता!" म्हणत तिने तो फोटो कपाटात टाकला.

तिच्या तेराव्याला आम्ही त्यालाच हार घातला. काका आले, कॅमेरा न घेता. फोटोसमोर हात जोडून हळूच म्हणाले, "वहिनी, आज जेवायला काय केलंय?"