वॉकी-टॉकीच्या नावाची गोष्ट सांगताना

चूक एवढीच झाली, की मी अंगठा उचलला नाही.

भाद्रपदातली दुपार होती. आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात आणि जेवणाच्या दिवशी पंगत केळीच्या पानांवरच वाढायची असते. जी वाढणार तिनेच पानं कापून आणायची, अशी आमच्या घरची रीत. बुऱ्हाणपूरच्या बाजारात पानं ढिगाने मिळतात, तरी बायको दरवर्षी निंबोल्याला तिच्या धाकट्या भावाच्या बागेत जाते. मी सोबतीला असतो. सोबत म्हणजे गाडी चालवतो आणि विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीपाशी खाटेवर बसतो.

मेहुणा पानांच्या बाबतीत कडक आहे. झाडावर घड असेल तर त्याच्या पानाला सख्ख्या बहिणीलाही हात लावू देत नाही. पानं गेली तर घड पोसणार कसा. घड उतरलेली झाडं त्या वेळी बागेच्या अगदी मधोमध होती, म्हणजे विळा घेऊन दोनेकशे पावलं आत जायचं होतं. वाढलेल्या केळीत दहा पावलांवरचं माणूस दिसत नाही. मोबाइल तिथे लागत नाही, म्हणून मेहुण्याने वॉकी-टॉकीची जोडी आणून ठेवलेली. एक मोटारीपाशी, दुसरा आत पाणी फिरवणाऱ्याकडे. त्या दिवशी आतला सेट बायकोने कमरेला खोचला आणि मोटारीपाशीचा माझ्या हातात आला. पानं झाली की ती सांगणार, मग मी ओझं उचलायला जाणार.

खाटेशेजारी दोन मजूर चहा पीत बसले होते. त्यांतल्या म्हाताऱ्याने सेटकडे बोट दाखवून विचारलं, मास्तर, याला असं नाव कोणी दिलं? मी शाळेत इतिहास शिकवतो. असा प्रश्न मला विचारायचा नसतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या बिचाऱ्याला नव्हतं.

मी सेट मुठीत घट्ट धरला, तोंडासमोर आणला आणि सुरुवात केली. महायुद्धाच्या काळात हे यंत्र हातात मावत नव्हतं, शिपायाच्या पाठीवर बांधायचं धूड होतं ते. तरी ते घेऊन चालता चालता बोलता येई, हीच त्याची नवलाई. इंग्रजीत चालण्याला वॉक, बोलण्याला टॉक, म्हणून वॉकी-टॉकी. बनवणाऱ्यांनी कागदावर कसलेसे आकडे आणि अक्षरं लिहिली होती, पण शिपाई आणि वर्तमानपत्रवाले यांनी हे लाडाचं नाव चालवलं म्हणतात. मग हातात धरायचा लहान सेट आला, त्याला हँडी-टॉकी म्हणू लागले. म्हणजे माझ्या हातात आहे तो खरा हँडी-टॉकी, असं मी ठासून सांगितलं. पुढे पाठीवरचं धूड गेलं आणि त्याचं नाव या धाकट्याने लावून घेतलं. म्हातारा मान डोलवत होता. वर्गात माझ्यापुढे कोणी मान डोलवत नाही, त्यामुळे मला थांबवेना. मोठ्या भावाचे कपडे धाकट्याला कसे येतात, त्या उदाहरणापर्यंत मी पोचलो होतो.

तेवढ्यात बांधावरून मेहुणा पळत आला. त्याला धाप लागली होती.

"दाजी, ताई कुठंय? बिबट्या घुसला ना आपल्या केळीत. शेजारच्या बायांनी आत्ताच पाहिला."

असीरगढच्या बाजूच्या जंगलातून बिबट्या खाली उतरतो हे ऐकून होतो. ऐकणं वेगळं. मी हाताकडे पाहिलं. बोलायचं बटण माझ्या अंगठ्याखाली दाबलेलं होतं, आणि अंगठ्याचं नख पांढरं पडलं होतं. हे बटण दाबलेलं असेपर्यंत आपणच बोलत राहतो आणि पलीकडच्याला बोलताच येत नाही. गेली दहा मिनिटं बायकोला फक्त मी ऐकू येत होतो. तिने हाक मारली असती तरी ती माझ्यापर्यंत पोचली नसती.

अंगठा उचलला. सेट खरखरला आणि गप्प झाला. मी पुन्हा दाबून, "अगं, ऐकतेस का?" एवढंच म्हणालो. सैन्याचा एवढा इतिहास सांगून झाल्यावर मला याच्यापुढे शब्द सुचेना. सोडलं, कान लावला. काही नाही. पुन्हा विचारलं. काही नाही.

बाग नेहमीसारखीच उभी होती. वाऱ्याने एक पान हललं तरी मी तिकडे वळे, आणि केळीत एकच पान कधी हलत नाही. तिचा सेट चिखलात पडलेला मला दिसू लागला, त्यातून माझाच आवाज येतो आहे आणि ऐकायला कोणी नाही. मी आत धावायला निघालो तसा मेहुण्याने सदरा धरला. खरं सांगायचं तर त्याला फार जोर लावावा लागला नाही, आणि त्याची लाज मला अजून वाटते. त्याने ट्रॅक्टर चालू केला, मजुरांनी पत्र्याचे डबे घेतले, आणि ट्रॅक्टरच्या मागून, तो सेट छातीशी धरून, मी निघालो. डबे वाजत होते. मधेमधे मेहुणा ट्रॅक्टर बंद करून हात वर करी, सगळे थांबत, तो 'ताई' म्हणून ओरडे, आणि त्या शांततेत मला माझा श्वास ऐकू येई.

ती आमच्या समोरून आलीच नाही. मागे बांधावरून कोणीतरी ओरडलं म्हणून वळलो, तर ती तिथे उभी. डोक्यावर पानं, हातात विळा, चेहरा राखेसारखा. दोन घोट पाणी प्यायल्यावर तिने भावालाच सगळं सांगितलं. नववं पान कापताना पलीकडच्या ओळीत, पाचोळ्यावर, पाठमोरा बसलेला बिबट्या तिला दिसला होता. तिने सेट काढून बटण दाबून सोडलं, पण आतून मीच बोलत होतो. शिपाई, पाठीवरचं धूड. त्याचा एक कान मागे वळला. मग तिने सेट बंद करून टाकला आणि पाचोळा वाजू नये म्हणून ठिबकच्या नळीवर पाय ठेवत, पाठ न फिरवता, एकेक पाऊल मागे येत बांध गाठला.

घरी येताना गाडीत मी काही बोललो नाही. लग्न झाल्यापासून हे पहिल्यांदाच झालं. दुसऱ्या दिवशी पंगत झाली, लोक जेवून गेले, उष्टी पानं उचलताना मी हळूच विचारलं, फार रागावलीस का.

"तुमचा आवाज चालू होता तोवर नुसता राग येत होता," ती म्हणाली. "बंद केल्यावर भीती वाटली."