शेरा : गावी गेली

मोरिवलीत अंगणवाडी चालवून मला बरीच वर्षं झाली. माझा आवाज मोठा आणि जीभ तिखट, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे मागाहून तक्रार नको. पण एका मुलीच्या बाबतीत मी तोंडाला कुलूप घातलं, आणि त्याचा मला जेवढा अभिमान वाटतो तेवढा भिंतीवरच्या एकाही प्रशस्तिपत्रकाचा वाटत नाही. ती आता इथे राहत नाही, म्हणून नाव न घेता सांगते.

आमच्या वस्तीत सगळेच कुठून कुठून आलेले. आनंदनगरच्या कारखान्यांत कामाला लागतात, चाळीत खोली घेतात, आणि मूल चार दिवस दिसलं नाही की रजिस्टरात एकच शेरा पडतो : गावी गेली. कुठलं गाव, कोणाबरोबर, परत कधी, कोणी विचारत नाही. मीही विचारत नसे. खोटं कशाला बोलू, तो शेरा लिहिला की सुटल्यासारखं वाटायचं.

त्या मुलीचा साडेतीन वर्षांचा भाऊ माझ्याकडे यायचा. नऊ वर्षांची बहीण त्याला रोज दहाला सोडायची आणि एकला न्यायला यायची. इथली शाळा दोन पाळ्यांत भरते. सकाळी पोर रस्त्यावर दिसलं की ते दुपारच्या शाळेचं, दुपारी दिसलं की सकाळच्या शाळेचं, असा आमचा ठोकताळा. ही दोन्ही वेळा दिसायची, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

एका लसीकरणाच्या दिवशी आशाताई माझ्या टेबलाशी बसली होती. आजारी माणसांच्या घरी जाऊन औषधं वेळेवर घेतात की नाही ते बघणं तिचं काम. पहिलीत जाणाऱ्या मुलांची यादी न्यायला शाळेचे सरही आले होते. चहा घेता घेता आशाताई कुरकुरली, "टीबीची एक पोरगी गोळ्या अर्ध्यावर टाकून गावी गेली. आई गावचा धड पत्ता पण देत नाय." सर म्हणाले, "आमच्या चौथीतली पण एक गेलीय. महिना झाला." एवढ्यात ती भावाला न्यायला दारात आली. आशाताईचा कप हातातच राहिला. सर अर्धवट उठत म्हणाले, "अगं, तू गावी होतीस ना?" पोरीने भावाचा दंड धरला आणि त्याला ओढत पळाली.

गावी गेलेली मुलगी रोज दोनदा माझ्या उंबऱ्यावर येत होती. मला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो. सर आणि आशाताई लगेच चाळीकडे निघाले होते, त्यांच्यावरच मी तो काढला. म्हटलं, खाली बसा. तीन सरकारी माणसं एकदम दारात उभी राहिली तर अख्खी चाळ गोळा होईल, आणि ती बाई उद्या खरंच गावी जाईल. दुसऱ्या दिवशी रविवार होता. धाकट्याचं वजन करायचं राहिलंय असं सांगत, काखेत वजनकाटा घेऊन मी एकटीच गेले.

मुलीचं विचारल्यावर आईने आधी दार लोटून घेतलं. मग हळूच म्हणाली, "गोळ्या घेऊन ताई यायची तर बाजूच्या विचारायला लागल्या. रूमवाल्याला समजलं तर खाली करायला लावेल. यांची ड्युटी बारा तास, मी पॅकिंगला जाते. बारक्याला कोण बघणार? म्हणून हिला घरी ठेवली." मी चांगलं सुनावणार होते. तेवढ्यात मुलगी खोकली, आणि आईने झटकन उठून टीव्हीचा आवाज वाढवला. ते बघून मला बोलवेना.

मग म्हटलं, "अशाने पोर हातची जाईल. दवाखान्याशिवाय तिघांनाच कळू दे. आशाताई, सर आणि मी. चौथ्याला कळलं तर माझ्या दारात येऊन मला शिव्या घाल." तिने पोरीकडे बघितलं. म्हणाली, "चालेल बाई. पण सरांना काय सांगणार ते माझ्यासमोर सांगा." तिची अट मला आवडली, आणि मी ती पाळली.

डॉक्टरांनी दोन्ही भावंडांना तपासलं. हिच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, शाळेत बसायला हरकत नाही म्हणाले. भावाला सोडायला ती येतच होती, तेव्हा रोज माझ्यासमोर गोळी घ्यायची. सरांनी तिला दुपारच्या वर्गात घातलं. आई साडेतीनला सुटेपर्यंत धाकटा माझ्याजवळ राहायचा. ते नियमात बसत नाही असं मला सांगण्यात आलं, मी ऐकून घेतलं. शेजारच्या एकीने विचारलंच, "कसली गोळी देता हो हिला रोज?" मी म्हटलं, "तुला हवी का?" ती पुन्हा फिरकली नाही. पोरीचं वजन वाढायला लागलं तेव्हा आमच्या पर्यवेक्षिका मॅडम म्हणाल्या, "फोटो टाका ना ग्रुपवर." आम्ही केळं वाटलं तरी फोटो टाकतो. हा मात्र मी टाकला नाही.

चार महिने झाले आणि एक दिवस आई स्वतःहून आली. नवऱ्याला उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये एका कारखान्यात काम मिळालं होतं. गोळ्यांचे दोन महिने बाकी होते. म्हणाली, "तिकडच्या लोकांना तुम्हीच सांगा बाई. मला नीट सांगता येणार नाही. आणि त्यांना म्हणावं, गल्लीत बोलू नका." पोरीचा आजार सगळ्यांपासून लपवणारी हीच ती बाई. तिला शेजारी बसवूनच आम्ही फोन केले. आशाताईने तिथल्या आरोग्य केंद्रातली माणसं शोधली, सर तिथल्या शाळेशी बोलले.

पुढे तिथे गोळ्या पूर्ण झाल्या, मुलगी पाचवीत गेली. पण मी जपून ठेवलाय तो त्यांच्या जायच्या दिवशी संध्याकाळी आलेला आईचा फोन. "बाई, सामान अजून टेम्पोतच आहे, आणि इथली गोळीवाली ताई येऊन उभी राहिलीय. बाजूच्या बाईने विचारलं कोण म्हणून, तर ती म्हणाली, हिची मैत्रीण."