आमच्या विहिरीवर गडी का टिकत नसे

गडीमाणूस काम सोडून का जातो, हे त्याला सोडून मी सगळ्यांना विचारलेलं आहे. देवालासुद्धा.

रत्नागिरीजवळ आमचं पोफळीचं आगर होतं. विहिरीवरची लाट, म्हणजे बादली बांधलेला लांब वासा, ओढून पाणी काढायचं नि झाडं शिंपायची, त्याला गडी लागे. ऐन चैत्रात आमचा जुना गडी गोविंदा न सांगता आगबोटीने मुंबईला गेला. वडिलांनी वारण्याआधीच्या पावसात लावलेल्या कोवळ्या पोफळी माना टाकू लागल्या. आणखी चार दिवस पाणी चुकलं असतं तर त्या गेल्याच असत्या.

"गोविंदाच्या घरी विचारून या," बायको म्हणाली.

मी देवळात गेलो. गुरवाने कौल लावला. विहिरीत वसणाऱ्या राखणदाराचा मान राहिलाय, असं निघालं. मी काठावर शेंदूर लावून नारळ दिला. (मोठा दिला. देवाच्या बाबतीत हात आखडता घेऊ नये.)

नवा गडी सोनू शेंदराकडे बघत म्हणाला, "भाऊ, ह्ये काय?"

"काही नाही. तू ओढ."

तिसऱ्या दिवशी तो आला नाही. मी पुन्हा कौल लावला. आता नारळाबरोबर दिवा, शिवाय पहाटे काठावर बसून खड्या आवाजात स्तोत्र. त्यानंतरचा गडी धर्मा तर माझं स्तोत्र संपेपर्यंतही थांबला नाही.

त्याला बायकोने बेड्याच्या फाटकाशी गाठलं. "का रे, काम जड पडतं?"

"नाय वयनी. पन बावीत काय नाय, तर भाऊ येवडं कुणाला घाबरताव?"

"आणि गोविंदा का गेला?"

"त्याला मेव्हन्यान् गिरणीत लावलान. सगल्या गावाला म्हाईत हाय."

काठावर बसून मी सगळं ऐकलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग गावातलं कुणी आमच्या विहिरीकडे फिरकेना. वडिलांची झाडं डोळ्यांदेखत वाळू द्यायची नव्हती, म्हणून दुपार कलल्यावर मीच लाट धरली. हाताला फोड आले, पण अर्धं आगर भिजलं. तेवढ्यात अंधारून आलं आणि विहिरीत डुबुक्‌ झालं. बेडूकच असणार.

उरलेल्या पोफळी बायकोने पदर खोचून शिंपल्या, आणि त्या जगल्या. त्या संध्याकाळी मी विहिरीवरून पळत, धापा टाकत ओटीवर पोहोचलो, तेव्हा तिने एवढंच विचारलं होतं, "काय झालं?"

मी म्हटलं, "काम सोडलं."