मिठाची भोकं

चामोर्शीच्या राइस मिलमधून आणलेला धानाचा कोंडा मी आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत मीठ मिसळून बंद भट्टीत भाजते आणि मग गरम पाण्यानं त्यातलं मीठ धुऊन काढते. उरतो तो बारीक काळा कोळसा. जस्त आणि हवेवर चालणाऱ्या बॅटरीत तो उत्प्रेरकाचं काम करतो. मध्यंतरी त्यातला थोडा डबीत भरून घरी आणला आणि खिडकीत ठेवला. सकाळी बघते तर माय अंगणात बसून त्यानंच दात घासत होती. त्यात विषबिष काही नव्हतं, तरी मी ओरडले.

ती शांतपणे थुंकली. “राखुंडी बारीक झाली, पण यात मीठ टाकाचं राह्यलं.”

“टाकलं होतं माय. मीच धुऊन काढलं.”

“टाकलं तर धुतलं काऊन?”

मी चिडलेच होते, पण सांगितलं. मीठ निघून गेलं की त्याच्या जागी बारीक भोकं उरतात, त्यांत हवा शिरते आणि बॅटरी चालते. इतकं सोपं करून मला वर्गातही कधी सांगता आलं नव्हतं. मी स्वतःवरच खूश झाले. माय चूळ भरत ऐकत होती. “बरं,” एवढंच म्हणाली.

संध्याकाळी डबी उघडली, तर तिनं त्यात मीठ कालवून ठेवलं होतं.

आता ती डबी प्रयोगशाळेत नेण्यात अर्थ नव्हता. दुसऱ्या दिवशी मीही अंगणात तिच्या शेजारी बसले आणि डबीत बोट बुडवलं. चव खरंच सुधारली होती.