मी काढायला सांगितलेली ती एक ओळ

परवा दुपारी दारव्ह्यात माझी एक मोठी चूक माझ्याच लक्षात आली. अजून नीट सावरले नाहीये, पण लिहून टाकते.

मी वेबसाइट बनवते. वेब डिझाइनचा एक ऑनलाइन ग्रुप आहे, तिथे नवख्यांच्या प्रश्नांना फुकट उत्तरं देते. आई म्हणते, लष्कराच्या भाकऱ्या भाजते ही पोरगी... म्हणू दे, मला आवडतं.

गेल्या आठवड्यात एका दादांनी विचारलं, पेजवर यादी दिसत नाहीये. मी घाईघाईत कोड बघितला आणि सांगितलं, ही एक ओळ काढून टाका. यादी दिसली, त्यांनी हात जोडल्याचे चार इमोजी पाठवले. मीही खूश.

परवा सहज त्यांची साइट उघडली आणि पहिल्यांदाच नीट बघितली. वधू-वर परिचयाची साइट होती ती! मी काढायला लावलेली ओळ म्हणजे कुलूप होतं, लॉगिन न केलेल्यांना यादी दिसू नये म्हणून लावलेलं. आता मुलींचे फोटो, गाव, मोबाईल नंबर... सगळं जगासमोर उघडं.

दादांना मेसेजवर मेसेज केले, उत्तर नाही. साइटवरचा त्यांचा नंबर बंद. एक मन म्हणालं, गप्प बस, कोणाला कळणार आहे? खोटं कशाला सांगू, पाच मिनिटं मी गप्प बसलेही.

मग यादीतला पहिला नंबर लावला. राळेगावकडची मुलगी होती, पण फोन वडिलांनी उचलला. आवाज चांगलाच दरडावणारा.

"कोण बोलून राह्यलं? नंबर कुठून भेटला?"

कसंबसं सगळं सांगितलं. मग त्यांनी एवढंच विचारलं,

"म्हंजे पोरीनं कोणाले नंबर नाही देल्ला?"

"नाही काका. चूक माझी आहे."

चार दिवसांपासून अनोळखी पोरांचे फोन येत होते म्हणे. काकांनी तिचा मोबाईल काढून घेतला होता, कॉलेजही बंद केलं होतं. ऐकून मला रडूच आलं.

दादा त्यांच्या ओळखीचे निघाले. काकांनीच त्यांना गाठलं आणि तासाभरात यादी बंद झाली. मग त्या मुलीचाच फोन आला. मला वाटलं, आता चांगली झापणार, आणि हक्कच होता तिचा. पण ती हळूच म्हणाली,

"ताई, हेच अजून एकदा सांगता का? स्पीकर लावते. आईनं नाही ऐकलं अजून."

सांगितलं... दोनदा सांगितलं.

यादीतल्या बाकीच्या मुलींच्या घरी काय चाललं असेल, या विचाराने झोप लागत नाही. दादांना म्हटलं, सगळ्यांना मीच फोन करते. यादी समोर ठेवून एकेक नंबर लावते आहे. आता पलीकडून कोणी काही विचारायच्या आत मीच सांगते, जरा घरातल्या सगळ्यांना बोलवा, आणि फोन स्पीकरवर टाका.