भोपळ्यानंही होकार दिला

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या बाईला सगळे ‘पाना’ म्हणत. तिच्या मागच्या खिशात पाना नाही असा दिवस कुणी पाहिला नव्हता. कामात मोठी काटेकोर. लिफ्टचा ब्रेक लागतो, एवढ्यावर तिचं समाधान व्हायचं नाही. नको तेव्हा लागत नाही ना, हेही ती तपासून बघायची.

तिचा थोरला भाऊ, दादा, बेकरीत भट्टी सांभाळायचा. बोलून बोलून घर डोक्यावर घेणारा माणूस. एका सकाळी त्याच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली आणि हातपाय, जीभ, सगळं एका दमात गेलं. डॉक्टर म्हणाले, “त्यांना समजतं सगळं. सांगता येत नाही, एवढंच.” पापण्या लवायच्या, पण मनाला येईल तशा. त्यांच्यावर भरवसा कसा ठेवायचा?

“सांगता येत नाही म्हणजे काय!” पाना म्हणाली आणि हात धुऊन मागे लागली.

ध्यान करणाऱ्यांसाठी विकला जाणारा एक स्वस्तातला पट्टा तिनं आणला. कपाळाला बांधायचा; तो मेंदूच्या लहरी मोजून मन एकाग्र आहे की भरकटलंय ते मोबाइलवर दाखवणार. खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘केवळ करमणुकीसाठी’. तिनं ते वाचलं आणि खोका फेकून दिला. मग लिफ्टमधली एक जुनी घंटी त्या पट्ट्याला जोडली. होकार असेल तर दादानं घंटीवर मन लावायचं, नसेल तर सोडून द्यायचं.

“दादा, पाणी हवंय?”

टण्ण! वहिनी पदर डोळ्यांना लावून रडली. शेजारीपाजारी बघायला आले. पानाला आभाळ ठेंगणं झालं.

पुढचे काही आठवडे घरात घंटीचंच राज्य होतं. उशी बदलू? टण्ण. दिवा घालवू? गप्प. कधी विचारल्यावाचूनच वाजायची, तेव्हा पाना म्हणायची, “बडबड्या माणूस आहे, राहवत नाही त्याला.” वहिनी मात्र दिवसेंदिवस अबोल होत चालली. दादाचं सगळं करायची, पण त्याच्या नजरेला नजर देत नव्हती. दमली असेल, असं पानाला वाटलं.

मग एका दुपारी पट्टा बनवणाऱ्या कंपनीनं मोबाइलवरचं ॲप परस्पर बदललं आणि घंटी थांबेचना. पानानं कंपनीला फोन लावला. उचलायला कुणी नव्हतं. पट्टा बिघडलाय की काय, ते बघायला तो कुठल्यातरी बिनमेंदूच्या वस्तूला बांधायला हवा होता. स्वयंपाकघरात भोपळा होता. पट्ट्याला कपाळासारखा ओलावा लागावा म्हणून तिनं त्याला ओलं फडकं गुंडाळलं आणि वर पट्टा बांधला.

मोबाइल म्हणाला, मन पूर्ण एकाग्र.

तिनं जुन्या मोबाइलवर आधीचं ॲप लावून पाहिलं. भोपळा थोडा भरकटला, पुन्हा एकाग्र झाला. टण्ण!

नको तेव्हा वाजत नाही ना, ही परीक्षा पाना परक्या इमारतीतल्या लिफ्टचीही चुकवत नव्हती; सख्ख्या भावाच्या वेळी तीच घ्यायची राहून गेली होती. तेवढ्यात मागून वहिनीचा आवाज आला.

“म्हणजे... ती घंटी ह्यांची नव्हती?”

“काही वेळा असेलही, वहिनी. पण तिच्यावर विसंबता येणार नाही. माझं चुकलं.”

वहिनी खुर्ची ओढून बसली. “मी ह्यांना एकदा विचारलं होतं. त्या सकाळी हे म्हणाले, हाताला मुंग्या येतायत. मी म्हटलं, पडा जरा, बरं वाटेल. दवाखान्यात न्यायला उशीर झाला. म्हणून विचारलं, माझा राग आलाय का. घंटी वाजली गं.”

पाना तिला हाताला धरून दादाच्या खोलीत घेऊन गेली. पट्टा नसलेलं त्याचं कपाळ तिनं पहिल्यांदाच निरखून पाहिलं. डावी भुवई किंचित हलत होती. पट्टा नेमका त्या भुवईवर यायचा.

“दादा, हो असेल तर भुवई वर. नाही असेल तर नजर खाली. मी तुझी आई आहे का?”

नजर खाली.

“वहिनी घोरते का?”

भुवई टुणकन वर. पानानं असे आणखी बरेच उलटसुलट प्रश्न विचारले. एकही उत्तर चुकलं नाही. मग ती बाजूला झाली.

वहिनी पलंगाशी वाकली. “अहो, माझा राग आलाय का?”

नजर खाली गेली आणि खालीच राहिली. वहिनीनं पुन्हा विचारलं, तरी तेच. मग ती हसली, रडली, पुन्हा हसली. “आणि मी मेली त्या भोपळ्याचं मनाला लावून बसले होते!”

संध्याकाळी पानानं मोठ्या कागदावर अक्षरं लिहिली आणि त्यांवरून बोट फिरवत गेली. दादानं भुवईनं पहिला शब्द जुळवला, ‘नाक’. घरभर विचार झाला, नाक म्हणजे काय असावं. शेवटी वहिनीनं त्याचं नाक खाजवलं आणि दादानं सुखानं डोळे मिटले.